तलावातील मासळीचे शत्रू : परजीवी, कीटक आणि शेवाळ

पूर्व विदर्भातील ग्रामजीवनात तलावाला जे स्थान आहे, ते महाराष्ट्राच्या अन्य भागांत क्वचितच आढळते. गावाच्या वरच्या अंगाला पाळ, पाळीमागे पाणी, पाण्याखाली धानाची बांधी आणि पाण्यात मासळी, अशी येथील गावांची रचना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुका हा याच परंपरेचा एक भाग होय. एका बाजूला वैनगंगेचे खोरे आणि दुसऱ्या बाजूला नागझिऱ्याचे वनाच्छादित डोंगर यांच्या दरम्यान वसलेल्या या तालुक्यात बोदलकसा, चोरखमारा यांसारखे मोठे जलाशय आहेत. त्यांच्या जोडीला गावोगावी लहानमोठे तलाव व बोड्या आहेत. या पाण्यावर धानाचे पीक जसे अवलंबून आहे, तसाच ढिवर समाजातील व अन्य मच्छीमार कुटुंबांचा वर्षभराचा चरितार्थही अवलंबून आहे.

तलावातील मासळी एका रात्रीत मरून पाण्यावर तरंगू लागली, तर त्या कुटुंबांची वर्षाची कमाई बुडते. मत्स्यबीजासाठी काढलेले कर्ज आणि ठेक्याची रक्कम मात्र तशीच अंगावर राहते. असे संकट अकस्मात आल्यासारखे भासते. प्रत्यक्षात त्याची चाहूल कित्येक दिवस आधी पाण्याने दिलेली असते. ती चाहूल ओळखावी कशी, आणि माशांच्या अंगावरील परजीवी, पिलांना खाणारे कीटक व पाण्याला ग्रासणारे शेवाळ यांचा बंदोबस्त करावा कसा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य, सहकारी संस्थांचे पदाधिकारी आणि शिक्षक यांना ही माहिती उपयुक्त ठरेल.

मालगुजारी तलावांचा वारसा

पूर्व विदर्भातील बहुसंख्य जुने तलाव हे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. तलाव बांधण्याच्या कामी कोहळी समाजाचे कौशल्य सर्वश्रुत आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय ही त्याचीच साक्ष होय. पाळ, तुडुम आणि सलंग, म्हणजे बांध, पाणी सोडण्याची मोरी आणि सांडवा, हे या तलावांचे तीन मुख्य अवयव. मालगुजारीच्या काळात त्यांची देखभाल गाव करी व पाण्याचे वाटपही गावच ठरवी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि १९५१ मध्ये हे तलाव शासनाकडे आले. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून अशा तलावांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक आहे.

मालकी बदलली, त्याबरोबर देखभालीची जुनी घडीही विस्कटली. गाळ साचला, पाणी उथळ झाले आणि काठावर बेशरमीची झुडपे माजली. तलावाच्या वरच्या शेतांतून खते आणि कीटकनाशके पावसाच्या पाण्याबरोबर तलावात उतरू लागली. मासळीचे रोग व शेवाळाचा उपद्रव यांची मुळे या बदलांत आहेत. उथळ पाणी लवकर तापते, लवकर गढूळ होते आणि त्यात प्राणवायूही कमी टिकतो. अशा पाण्यात मासा अशक्त होतो. परजीवी नेमका त्याच संधीची वाट पाहत असतो.

प्रथम पाणी मोजावे

कोणताही उपाय करण्यापूर्वी तलावात पाणी किती आहे हे ठाऊक असणे अगत्याचे आहे. औषधाची मात्रा ही तलावाच्या नावावर ठरत नाही, ती पाण्याच्या घनफळावर ठरते. एक हेक्टर क्षेत्रात सरासरी एक मीटर खोल पाणी असेल, तर ते दहा हजार घनमीटर, म्हणजेच एक कोटी लिटर भरते. यालाच एक हेक्टर-मीटर म्हणतात. दहा लाख भागांत एक भाग या प्रमाणात एखादा पदार्थ मिसळावयाचा झाल्यास एक हेक्टर-मीटर पाण्याला तो दहा किलो लागतो. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले, तरी निम्म्या चुका टळतात.

उदाहरणादाखल, पंचवीस मीटर लांब व वीस मीटर रुंद अशी एखादी संगोपन बोडी घेऊ. तिचे क्षेत्र पाचशे चौरस मीटर होते. सरासरी खोली एक मीटर धरल्यास पाणी पाचशे घनमीटर, म्हणजे एक हेक्टर-मीटरचा विसावा भाग होय. सरासरी खोली काढण्यासाठी गाठी मारलेला दोर किंवा खुणा केलेला बांबू घेऊन निदान दहा ठिकाणी माप घ्यावे व त्याची सरासरी काढावी. केवळ काठावरचे किंवा केवळ मध्यावरचे माप फसवे असते. हायस्कूलच्या विद्यार्थ्यांकडून हे काम करवून घेतल्यास गणिताचा पाठही होतो आणि गावाच्या तलावाची नोंदही तयार होते.

अंगावरचे परजीवी

माशांच्या बाह्य परजीवींपैकी आपल्याकडील तलावांत विशेष त्रास देणारा म्हणजे आरग्युलस. त्याला माशांची ऊ असे म्हणतात. वस्तुतः ही ऊ नसून झिंग्याच्या कुळातील एक चपटा, पारदर्शक जीव आहे. मसुरीच्या डाळीएवढा हा जीव खवल्यांवर व परांच्या मुळाशी चिकटून रक्त शोषतो. रोहू, कतला, मृगळ या प्रमुख जातींवर तो सर्रास आढळतो. बाधित मासा अंग घासतो, पाण्याबाहेर उसळी घेतो, खाणे कमी करतो व वाळतो. चाव्याच्या जागी लाल ठिपके पडतात आणि पुढे त्यांतच बुरशी व जिवाणू शिरतात.

या जीवाच्या बंदोबस्ताचे रहस्य त्याच्या अंडी घालण्याच्या सवयीत आहे. मादी मासा सोडून पाण्यात उतरते आणि दगड, लाकूड, पाणवनस्पतींचे देठ अशा कठीण पृष्ठभागावर ओळीने शेकडो अंडी घालते. उबदार पाण्यात दोन ते तीन आठवड्यांत ती फुटतात. म्हणून तलावात ठिकठिकाणी उभे चिरलेले बांबू रोवावेत. मादी त्यांवर अंडी घालते. दर आठ-दहा दिवसांनी हे बांबू बाहेर काढावेत, कडक उन्हात पूर्ण वाळवावेत, खरवडावेत व पुन्हा लावावेत. पिढी फुटण्यापूर्वीच अंडी नष्ट झाल्याने काही आठवड्यांत प्रादुर्भाव ओसरू लागतो. या उपायास पैसा लागत नाही, पाणी विषारी होत नाही आणि बांबू तर आपल्या भागात विपुल आहे. मात्र सातत्य हवे. एक फेरी चुकली, तर आधीच्या दोन फेऱ्यांचे श्रम वाया जातात.

दुसरा परजीवी लर्निया. तो नांगराच्या आकाराचे डोके माशाच्या मांसात रुतवून बसतो व धाग्यासारखे शरीर बाहेर लोंबत ठेवतो. तो ओढून काढल्यास डोके आत राहून जखम चिघळते. तिसरा गट कल्ल्यांवरील सूक्ष्म कृमींचा. हे डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु कल्ले फिकट व चिकट होणे, मासा पृष्ठभागावर तोंड उघडून राहणे, या लक्षणांवरून त्यांची शंका घेता येते. चौथा प्रकार पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा. हा एकपेशीय जीव त्वचेखाली दडतो. पूर्ण वाढल्यावर तो मासा सोडून तळाशी जातो, तेथे त्याचे शेकडो तुकडे होतात आणि ती पिले नव्या माशाच्या शोधात पोहू लागतात. त्वचेखाली असताना त्याच्यावर कोणतेही औषध चालत नाही. तो पोहत असताना मात्र चालते. म्हणूनच एकदा औषध देऊन थांबल्यास रोग पुन्हा उद्‌भवतो.

हे सारे परजीवी बहुतांशी बाहेरून आणलेल्या मत्स्यबीजाबरोबर तलावात येतात. त्यामुळे प्रवेशद्वारावरच त्यांना अडविणे शहाणपणाचे ठरते. बोटुकली सोडण्यापूर्वी दहा लिटर पाण्यात दोनशे ते तीनशे ग्रॅम खडे मीठ विरघळवावे व त्यात बोटुकली दोन ते तीन मिनिटे ठेवावी. ती अस्वस्थ होऊन कलंडू लागल्यास तत्क्षणी स्वच्छ पाण्यात काढावी. या मिठाच्या स्नानाने अंगावरील बरेच सूक्ष्म परजीवी गळून पडतात. पिशवीतील पाणी तलावात ओतू नये. ते पाळीबाहेर टाकावे.

जखमांचा रोग

१९८८ मध्ये ईशान्य भारतात प्रथम दिसलेला आणि पुढे देशभर पसरलेला व्रणांचा रोग मच्छीमारांना आजही भयभीत करतो. एका विशिष्ट बुरशीमुळे माशाच्या अंगावर लाल चट्टे पडतात व त्यांचे खोल व्रण होतात. मरळीसारख्या जातींना तो अधिक ग्रासतो. पावसाळा संपून पाणी थंड होऊ लागले की त्याचा जोर वाढतो. चुन्याचा वापर हा यावरील सर्वांत स्वस्त प्रतिबंधक उपाय आहे. हेक्टरी सुमारे दोनशे किलो चुना पाण्यात कालवून, थंड करून, हप्त्याहप्त्याने पसरावा. भुवनेश्वरनजीक कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने या रोगावर ‘सीफॅक्स’ नावाचे औषध विकसित केले असून त्याची मात्रा हेक्टर-मीटरला एक लिटर आहे. व्रण असलेले मासे विक्रीस नेऊ नयेत अथवा दुसऱ्या तलावात सोडू नयेत. मेलेले मासे काठावर न टाकता चुना घालून पुरावेत. एका तलावात वापरलेले जाळे उन्हात पूर्ण वाळविल्याविना दुसऱ्या तलावात घालू नये.

पिलांचे शत्रू : पाणकीटक

मोठ्या माशाला कीटकांचे भय नाही, परंतु मत्स्यजिऱ्यांच्या अवस्थेतील पिलांना ते फस्त करतात. पाठीवर पोहणारा कीटक, पाणविंचू, मोठे पाणढेकूण, पाणभुंगे आणि चतुराच्या अळ्या हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी बहुतेकांना श्वासासाठी वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. याच गोष्टीचा फायदा घेऊन संगोपन बोडीत साबण व तेलाचे मिश्रण वापरण्याची पद्धत रूढ झाली आहे. हेक्टरी ५६ किलो स्वस्त वनस्पती तेल आणि १८ किलो कपडे धुण्याचा साधा साबण, असे प्रमाण आहे. वर सांगितलेल्या पाचशे चौरस मीटरच्या बोडीस २.८ किलो तेल व ०.९ किलो साबण पुरतो. साबण किसून गरम पाण्यात विरघळवावा, त्यात तेल घालून एकजीव करावे आणि वारा शांत असताना पृष्ठभागावर शिंपडावे. तेलाच्या पातळ थरामुळे कीटकांची श्वासनलिका बंद होते. जिरे सोडण्यापूर्वी बारा ते चोवीस तास आधी हे काम करावे. वारा असल्यास थर एका काठाला जाऊन बसतो व मेहनत फुकट जाते. चतुराच्या अळ्या पाण्यातच श्वास घेत असल्याने त्यांच्यावर हा उपाय फारसा चालत नाही. त्यांच्यासाठी बारीक जाळे वारंवार ओढणे हाच मार्ग होय.

हा उपाय केवळ संगोपन बोडीपुरता आहे, हे ध्यानात ठेवावे. मुख्य तलावात हेच कीटक डासांच्या अळ्या खातात आणि स्वतः मोठ्या माशांचे खाद्य होतात. तेथे ते शत्रू नव्हेत.

संगोपन बोडीतील भक्षक मासे काढण्यासाठी मोहाच्या ढेपेचा उपयोग सुपरिचित आहे. मोहाच्या बियांचे, म्हणजे टोळीचे, तेल काढल्यावर उरणाऱ्या ढेपेत सॅपोनिन हे द्रव्य असते. ते माशांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडते. प्रमाण हेक्टर-मीटरला २,५०० किलो असे आहे. उपरोक्त बोडीस म्हणजे १२५ किलो ढेप लागते. ढेप रात्रभर भिजवून सर्वत्र सारखी पसरावी. तिचा विषारी परिणाम सुमारे पंधरा ते वीस दिवस टिकतो, त्यानंतर तीच ढेप खताचे काम करते. म्हणून जिरे सोडण्याच्या किमान तीन आठवडे आधी हे काम उरकावे.

गोगलगायींचाही येथे उल्लेख करावयास हवा. तलावाच्या काठी चिखलात आढळणाऱ्या काही गोगलगायी गुरांच्या यकृतातील चपट्या कृमीचे वहन करतात. त्या माजल्या तर मासळीचे नव्हे, तर गाई-म्हशींचे नुकसान होते. तलावावर बदके पाळणे हा त्यावरील सोपा उपाय आहे. पाण्याचा एकच साठा मासळी, गुरे आणि शेती या तिघांनाही पुरवावयाचा असल्याने रोगाचा विचारही एकत्रितच करावा लागतो.

शेवाळ : मित्र केव्हा, शत्रू केव्हा

तलावाचे पाणी किंचित हिरवट असणे हे आरोग्याचे लक्षण होय. त्या हिरवट छटेत सूक्ष्म वनस्पती-प्लवंग असतात. त्यांवर सूक्ष्म प्राणी जगतात आणि दोहोंवर मासे. परंतु युरिया, शेण व गावाचे सांडपाणी यांतून नत्र व स्फुरद अतिप्रमाणात मिळाले की हेच शेवाळ बेसुमार वाढते. भाद्रपदातील उघडझाप, साचलेले पाणी आणि तीव्र ऊन यांत निळ्या-हिरव्या शेवाळाचा जाड थर वाऱ्याच्या दिशेच्या काठावर हिरवा रंग ओतल्यासारखा जमा होतो. पाण्याला दुर्गंधी येते. या शेवाळाच्या काही जाती विषारी असल्याने असे पाणी गुरांना पाजू नये.

मासळी मरण्याचे खरे कारण बहुधा विष हे नसते, ते प्राणवायूचा अभाव हे असते. दिवसा सूर्यप्रकाशात शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री मात्र तेच तो शोषून घेते. म्हणून पाण्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले, वारा पडला, की दिवसाची भरपाई होत नाही आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन हवा गिळू लागतात. सूर्य वर आल्यावर ते खाली जातात आणि पाहणाऱ्यास सारे सुरळीत झाल्यासारखे वाटते. हाच तो इशारा होय. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पहाटे अनर्थ ओढवतो.

पाण्याची पारदर्शकता मोजून हा धोका आधी ओळखता येतो. काठीच्या टोकास पांढरा ताटलीवजा पत्रा ठोकावा व काठीवर २० आणि ४० सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात. भर दुपारी ती पाण्यात बुडवावी. पत्रा २० ते ४० सेंटिमीटरच्या दरम्यान दिसेनासा झाला, तर पाणी ठीक आहे. तो २० सेंटिमीटरच्या आतच दिसेनासा झाला आणि पाण्याचा रंग मातीचा नसून हिरवा असेल, तर शेवाळ धोक्याच्या पातळीवर आहे असे समजावे. अशा वेळी शेण, खत व खाद्य देणे त्वरित बंद करावे. वाऱ्याच्या काठावर जमलेली साय जुन्या सुती कापडाने किंवा बारीक जाळ्याने ओढून बाहेर काढावी. शक्य असल्यास ताजे पाणी घ्यावे व जुने सोडावे. मासे हवा गिळताना दिसल्यास पंपाने पाणी उंच उडवून परत तलावात पाडावे. पंप नसल्यास बांबूंनी पाणी बडवावे. पहाटेच्या चार घटका तग धरला, तर तो दिवस निभावतो.

मोरचुदाने शेवाळ मरते हे खरे. परंतु मृदू पाण्यात त्याची अल्प मात्राही माशांना घातक ठरते. शिवाय एकाच वेळी मेलेले शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवते आणि औषध टाकल्यावर दोन दिवसांनी मासे मरतात. म्हणून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याविना मोरचूद वापरू नये. शेवाळाचा कायमचा बंदोबस्त तलावात होत नाही, तो तलावाच्या वरच्या अंगाला होतो. सांडपाण्याचा नाला वळविणे, बांध्यांतील खत वाहून येणार नाही अशी मेरे राखणे आणि साचलेला गाळ काढणे ही ती तीन कामे होत. २०१७ साली राज्यात सुरू झालेल्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेमागील कल्पनाही हीच आहे. जो गाळ तलावाला भार, तोच शेताला खत.

कोणती वनस्पती काढावी, कोणती राखावी

सर्वच पाणवनस्पती उपद्रवी असतात, असा एक गैरसमज आहे. जलपर्णी व बेशरम या परदेशातून आलेल्या वनस्पती निश्चितच उपद्रवी आहेत. बेशरमीच्या खोडाचा तुकडाही पुन्हा रुजतो. म्हणून वैशाखात पाणी उतरल्यावर ती मुळासकट उपटून, वाळवून जाळावी. नुसती कापून ठेवल्यास पहिल्या पावसात दुप्पट जोमाने वाढते. जलपर्णीवर उपजीविका करणारे विशिष्ट भुंगेरे १९८० च्या दशकात भारतात आणून सोडण्यात आले व काही जलाशयांत त्यांचा गुण आला. तथापि लहान तलावात हाताने काढणे हाच खात्रीचा उपाय होय.

याउलट देवधान, कमळ, कुमुद व पाण्याखाली वाढणाऱ्या देशी वनस्पती हे स्थानिक माशांचे अंडी घालण्याचे व पिलांच्या आश्रयाचे स्थान आहे. गवत्या मासा १९५९ मध्ये भारतात आणला गेला. तण खाणारा म्हणून त्याची ख्याती आहे, परंतु तो उपद्रवी व उपयुक्त यांत भेद करीत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि त्याचे मनीष राजनकर यांनी स्थानिक मच्छीमारांच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे काही तलावांत बेशरम काढून देशी पाणवनस्पतींची लागवड केली. देशी मासे व पक्षी या तलावांकडे पुन्हा वळल्याचा तेथील अनुभव अभ्यसनीय आहे. गोंदिया जिल्ह्याचे भूषण असलेला सारस पक्षीही याच तलावांवर व धानाच्या बांध्यांवर विसंबून असतो, हे विसरता येणार नाही.

औषध आणि विष यांतील सीमारेषा

पिकावरील कीटकनाशके तलावात टाकून परजीवी मारण्याचा मोह काहींना होतो. तो सर्वस्वी टाळला पाहिजे. मासे पकडण्यासाठी पाण्यात विष कालविणे हा तर १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच गुन्हा आहे. एकेकाळी मत्स्यशेतीच्या पुस्तकांतून शिफारस होत असलेली कित्येक रसायने पुढे बंदी घालण्यात आलेल्या यादीत गेली. जुन्या पुस्तिकेत नाव आहे म्हणून औषध निर्धोक ठरत नाही. मोहाची ढेपही स्वतंत्र संगोपन बोडीतच वापरावी. मुख्य तलावात ती टाकल्यास मरळ, शिंगी, मागूर यांसारखे देशी मासे नष्ट होतील आणि ते विकत आणून भरून काढता येत नाहीत.

बाहेरून येणाऱ्या माशांविषयीही तितकीच दक्षता हवी. आफ्रिकन मागुराच्या पालनास देशात २००० सालापासून बंदी आहे. घरच्या काचेच्या टाकीत वाढून मोठा झालेला शोभेचा मासा दया म्हणून तलावात सोडणे हेही धोक्याचे आहे. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेला सकर मासा अशाच रीतीने नैसर्गिक जलाशयांत शिरला. उजनीच्या जलाशयातील मच्छीमारांना त्याने हैराण केले आहे.

शाळेतील काचेची टाकी

परजीवी व शेवाळ यांचे नियम विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष दाखवावयाचे असल्यास वर्गातील काचेची टाकी हे उत्तम साधन आहे. नवा मासा तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा. टाकी थेट उन्हात ठेवू नये व दिवा आठ तासांहून अधिक लावू नये. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे आणि दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. एवढ्याने शेवाळ व रोग बहुतांशी आटोक्यात राहतात. टाकी स्वच्छ ठेवण्यासाठी सारेच पाणी एकदम बदलणे घातक असते. कारण माशांची विष्ठा निर्धोक करणारे उपयुक्त जिवाणूही त्याबरोबर नाहीसे होतात.

मोठ्या शहरांतून खाऱ्या पाण्याच्या टाक्या बाळगण्याचा छंदही वाढला आहे. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने समुद्री माशांची ओढ कित्येक पिढ्यांना लावली. खाऱ्या पाण्याच्या टाकीचे शास्त्र अधिक कडक आहे. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार कायम राखावे लागतात. वाफ होऊन पाणी उडते, पण क्षार मागे राहतात. म्हणून भरपाई गोड्या पाण्याने करावयाची असते. तेथेही पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आहे. त्याचा परजीवी निराळा असला, तरी लपणे, तळाशी जाणे, विभागणे व पोहत निघणे हे त्याचे चक्र गोड्या पाण्यातील भाईबंदासारखेच आहे. त्यावर तांब्याचे औषध चालते. परंतु त्याच टाकीतील प्रवाळ, झिंगे व शंखवर्गीय जीव त्याने मरतात. म्हणून आजारी मासा वेगळ्या टाकीत काढून उपचार करावे लागतात व नवा मासा सहा आठवडे अलग ठेवावा लागतो. तात्पर्य, काचेची टाकी असो वा शंभर एकरांचा तलाव, रोगास दारातच अडविणे हे उपचारापेक्षा श्रेयस्कर होय.

गावाने करावयाची कामे

तलावाची व्यवस्था जिल्हा परिषद अथवा पाटबंधारे खात्याकडे आणि मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे अशी विभागणी असली, तरी पाण्याच्या आरोग्याची जबाबदारी अखेर गावाचीच आहे. ती पार पाडण्यासाठी पुढील वार्षिक क्रम उपयुक्त ठरेल.

चैत्र-वैशाख : बेशरम व जलपर्णी काढणे, गाळ काढणे, संगोपन बोडी कोरडी करून तळ उन्हात तापू देणे. तळाला भेगा पडेपर्यंत ऊन मिळाल्यास परजीवींची अंडी व कीटक विनामूल्य नष्ट होतात.

ज्येष्ठ-आषाढ : बोडीत चुना टाकणे, पाणी येण्याच्या वाटेस बारीक जाळी बसविणे, साबण-तेलाचा उपचार करून जिरे सोडणे.

श्रावण-भाद्रपद : मिठाचे स्नान देऊन बोटुकली मुख्य तलावात सोडणे, दर आठवड्यास पारदर्शकता मोजणे, पहाटे तलावावर फेरी मारणे.

आश्विन ते पौष : बांबू रोवून उवांची अंडी गोळा करणे, व्रणांच्या रोगावर नजर ठेवणे, चुन्याचा हप्ता देणे.

माघ-फाल्गुन : मासेमारी, जाळी वाळविणे, वर्षाची नोंद पुरी करणे.

या नोंदीला फार महत्त्व आहे. कोणत्या महिन्यात कोणता रोग आला, पाण्याचा रंग कसा होता, काय केले आणि काय गुण आला, हे एका वहीत लिहिलेले असल्यास पुढील वर्षी अधिकाऱ्यांना अचूक सल्ला देता येतो. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये गावात नोंदवही ठेवण्याची तरतूद आहेच. तिच्यात तलावातील मासे व पाणवनस्पतींची माहिती समाविष्ट करता येईल. वनहक्क कायदा, २००६ ने पात्र गावांचे पाणवठ्यांतील मासळीवरील सामूहिक हक्कही मान्य केले आहेत. हक्काबरोबर राखणीचे कर्तव्य ओघानेच येते.

मासे मरू लागल्यास वाट न पाहता जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयास कळवावे. नुकता मेलेला किंवा मरणासन्न मासा बर्फात ठेवून व तलावाचे पाणी स्वच्छ बाटलीत भरून द्यावे. सडलेल्या माशावरून निदान होत नाही. नागपूरचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आणि मुंबईची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था यांच्यासारख्या संस्थांमुळे तज्ज्ञांचे मार्गदर्शन राज्यातच उपलब्ध आहे. मासळीच्या रोगांची खबर भ्रमणध्वनीवरून देण्याची सोयही केंद्र शासनाने २०२३ पासून केली आहे.

मालगुजारीच्या काळी पाळीवर झाड उगवले किंवा तुडुम गळू लागले, तर गाव गोळा होत असे. पाणी कमी झाले की धान वाळणार, हे प्रत्येकास दिसत होते. पाण्याच्या आत चाललेली झीज मात्र तशी दिसत नाही. ती पाहण्यासाठी पहाटेची एक फेरी, खुणा केलेली एक काठी आणि एक वही एवढीच साधने लागतात. तिरोड्यासारख्या तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीने, मच्छीमार संस्थेने व शाळेने मिळून ही तीन साधने कामी लावली, तर मासळीवरील बरीचशी संकटे उंबरठ्यावरच थांबतील आणि तलावावर जगणाऱ्या कुटुंबांच्या पदरी त्यांच्या श्रमाचे फळ पडेल.